गादीचा लंगोट

डॉक्टर, तुम्ही सांगितलं नाही. लघवीच्या वाटेवरची गाठ काढायला पोट फाडलंत, परत शिवलंत, "आठ दिवसांत उभे राहाल" म्हणालात, आणि पुढं जन्मभर नळ गळत राहील ही गोष्ट तेवढी तोंडातच ठेवलीत.

हंबीरराव वस्ताद आठ दिवसांत उभे राहिले. उभे राहिले की गळायचे. शिंकले की गळायचे. पूर्वी त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं तालमीतली पोरं भराभर जोर मारायला लागायची. तो माणूस आता खाकरायला भीत होता.

हे दोघांनाच ठाऊक. एक बायको बाळाबाई, दुसरा कुतुबुद्दीन शिंपी. तालमीचे लंगोट तोच शिवायचा. वस्तादांसाठी त्यानं निराळे दोन शिवले. आत जुन्या धोतराच्या पाच घड्या, त्याखाली तान्ह्या पोरांच्या अंथरुणात घालतात तसलं रबरी कापड.

"वरनं लाल कापड हाय वस्ताद," तो म्हणाला. "अल्लाशिवाय कुणाला कळायचं न्हाय."

त्र्याहत्तरच्या दिवाळीपर्यंत कळलंही नाही. मग लेकीचा पहिला दिवाळसण आला. जावई सयाजी कागलहून आला, बरोबर त्याचा बाप जोतीराम. घर दोन खोल्यांचं. परसातल्या दोरीखाली व्याही दिवसभर तंबाखू मळत बसलेले. लंगोट वाळवायचा कुठं? वस्तादांनी डोकं चालवलं आणि धुतलेला लंगोट गुपचूप तालमीच्या दोरीवर नेऊन टाकला. तिथं तीस लंगोट वाळत असतात. एकतिसाव्याकडं कोण बघतोय?

सयाजीनं बघितलं. गडी स्वतः पैलवान. पाडव्याला त्याची कुस्ती ठरलेली, आणि लंगोट कागलातच विसरून आलेला. नरकचतुर्दशीला सकाळी तालमीत जाऊन, घाम गाळून आला आणि फराळाला बसला.

"मामा," चकली मोडत तो म्हणाला, "तुमचा लंगोट घातलाय बरं का मी."

वस्तादांचा लाडू हातातच राहिला. "दुसऱ्याचा लंगोट घालता व्हय, जावईबापू?"

"दुसरं कोण हाय? पोरांनी तुमास्नी दोरीवर टाकताना बघितलंय, त्यांनीच सांगितलं. पन काय डोकं लढवलंय मामा. आत गादी हाय की. बैठका मारताना कुणीतरी कंबर धरल्यागत वाटतंय. अकरा जण माप द्यायला गेल्यात कुतुबभाईकडं."

"मग? काय म्हणाला त्यो?"

"खोकायलाच लागलं बघा. म्हणालं, आधी वस्तादांची परवानगी आणा."

"जुन्या लोकांची विद्याच येगळी," जोतीराम व्याही मान डोलावत म्हणाले.

"पाडव्याला ह्योच घालून उतरणार मी," सयाजी म्हणाला.

वस्ताद गप्प बसले असते तर विद्या त्यांच्या नावावर जमा झाली असती. पण त्यांना मैदान दिसलं. समोरच्या गड्यानं लंगोटाला हात घातलाय, शिवण उसवलीय, आणि हजारो माणसांसमोर जावयाच्या कमरेतून सासऱ्याचं जुनं धोतर रबरासकट बाहेर आलंय. मग त्या पोराला तालुक्यात कोण सयाजी म्हणेल? लेकीला तर त्याच गावात नांदायचं.

"ती विद्या न्हाय," वस्ताद म्हणाले. "गाठीचं ऑपरेशन झाल्यापास्नं मला मूत धरवत न्हाय. ते मुताचं फडकं हाय."

सयाजीनं चकली ताटात ठेवली. खाली आपल्या कमरेकडं बघितलं.

"धुतल्यालं हुतं न्हवं?"

"सोडा घालून उकळतोय की रोज," चुलीपासून बाळाबाई म्हणाल्या. लेकीनं पदर तोंडात कोंबला, हसू की रडू हे तिचं तिलाच कळेना. शेवटी हसली. मग सयाजी हसला, आणि त्याच्या पाठोपाठ वस्तादसुद्धा, म्हणजे व्हायचं ते झालंच.

जोतीराम तेवढे हसले नाहीत. पाट सरकवून जवळ आले.

"पावणं, ह्यो शिंपी बसतो कुठं?"

"का वो?"

"मी दोन धोतरं नेसतोय वैशाखापास्नं. पोराच्या लग्नात बी दोनच हुती."

वस्तादांनी व्याह्यांकडं नीट बघितलं. लग्नात हा माणूस विहिणीच्या पंगतीतून तीनदा उठून गेला होता आणि बाळाबाईंनी त्याला मिजासखोर ठरवलं होतं.

"डॉक्टर कुठला?"

"राजारामपुरीतला. आठ दिवसांत हुबं ऱ्हाशीला म्हणाला."

पाडव्याला सयाजी साध्या लंगोटात उतरला आणि जिंकला. ते बघून तालमीतले अकरा जण कुतुबुद्दीनकडं आपापलं माप परत मागून आले. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी दोघे व्याही, आतून एकाच कापडाचे लंगोट कसून, राजारामपुरीत दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसले. नंबर पुकारला तरी उठले नाहीत. तेव्हा डॉक्टर, तुम्ही स्वतः बाहेर आलात, आणि वस्तादांनी बाकड्यावरनंच मोठ्यानं विचारलं, "जन्मभर गळणार हे आधी का न्हाय सांगितलं?"

"आत या. आणि हळू बोला, पेशंट बसलेत."

"पेशंटसाठीच बोलतोय," वस्ताद म्हणाले, आणि बऱ्याच महिन्यांनी मोकळेपणी खाकरले. "आमचं झालं ते झालं. ह्या बाकड्यावर सात जण हाईत, त्यातल्या कुणाकुणाची गाठ काढायची हाय ते तुमास्नी ठावं. काढायच्या आधी त्यास्नी सांगणार हायसा का न्हाय? आत न्हाय, हितंच बोला. आम्ही बसलोय."