किटली लावू नका

मी एक कॅसेट बोलतेय. गाण्यांची समजून लावाल तर पस्तावाल. माझ्या पोटात नुसती किंकाळी आहे, आणि त्या किंकाळीत घरच्या संगणकाचे दोन खेळ आहेत, एका बाजूला एक.

माझा जन्म चिलीतल्या तालकाउआनो बंदरात, एका दुकानात, दुसऱ्या कॅसेटवरून उतरवून झाला. अलीरो आणि मिरेया या भावंडांनी मला घरी आणलं. वडील मासेमारीच्या बोटीवर, महिनोन्महिने बाहेर. घरी आई, एर्सिल्याबाई.

संगणक टीव्हीला जोडलेला आणि टीव्ही जेवणाच्या टेबलाशी. मला टेपमध्ये घातलं की खेळ हळूहळू संगणकात चढायचा. इतका हळू, की तेवढ्यात संध्याकाळचा चहा-पाव आटपायचा. आमच्याकडं त्याला ओन्से म्हणतात. खेळ चढेपर्यंत नियम कडक. टेबल हलवायचं नाही आणि विजेची किटली लावायची नाही. वायरिंग जुनं, किटली लावली की दिवे मिणमिणायचे, संगणक गोंधळायचा आणि सगळं पहिल्यापासून.

एर्सिल्याबाई नेमकी किटली लावायच्या.

"अगं बाई, विसरलेच."

"आई, रोज कशी गं विसरतेस?"

"वय झालं माझं."

त्या तेव्हा चाळिशीच्याही नव्हत्या. खरं कारण मला टेबलावरून दिसायचं. खेळ चढला की पोरं टीव्हीला चिकटायची, मग त्यांना आईची हाकही ऐकू यायची नाही. चढेपर्यंत मात्र ती पाव खात, शाळेतल्या चहाड्या सांगत बसायची. दिवसभरात बाईंना माणसाचं बोलणं मिळायचं ते तेवढंच. बोल मात्र मला लागला. अलीरोनं माझ्या लेबलवर लाल शाईनं 'खराब' असं लिहिलं. मला फार वाईट वाटलं होतं.

पुढं वडील वारले. अलीरो सान्तियागोला गेला, मिरेया तेमुकोला, आणि मी बिस्किटांच्या डब्यात.

गेल्या रविवारी दोघं आली. अलीरोचे केस गेलेत, हौस तेवढी राहिलीय. जुने खेळ आजही खेळावेसे वाटतात का, हे त्याला बघायचं होतं. संध्याकाळच्या बसची तिकिटं काढलेली, बॅगा दाराशी. एर्सिल्याबाईंनी टेबलावर पाव, आवोकाडो आणि थर्मासातला चहा मांडला. राहा म्हणाल्या नाहीत. ताटल्या मात्र दोनदा पुसल्या.

पहिली बाजू बिनचूक चढली. पाण्याखाली मोती गोळा करणारा पाणबुड्या.

"हा ऑक्टोपस?" मिरेया म्हणाली. "याला घाबरून तू माझ्या खोलीत झोपायचास?"

"तेव्हा तो मोठा होता."

"फरशी पुसायचं फडकं वाटतंय."

पाणबुड्या दुसऱ्याच टप्प्यात मेला. पुन्हा मेला. खेळ काही टिकला नाही, असं दोघांचं एकमत झालं. मी यावर बोलत नाही, मी फक्त वाहून आणते.

"दुसरी बाजू बघू, मग निघू," अलीरो म्हणाला.

एर्सिल्याबाईंनी मान हलवली आणि दाराशी ठेवलेल्या बॅगांकडं पाहिलं. मी फिरू लागले. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"आई, किटली कुठंय गं?" मिरेयानं विचारलं.

"कपाटात ठेवली. उगाच तुमचा खेळ बिघडायचा, बस चुकायची."

भावंडांनी एकमेकांकडं पाहिलं. मग शेजारीण, तिचा कुत्रा, पाद्रीबुवांचा गुडघा असं बोलणं सुरू झालं. मी शेवटाला आले होते. एकही चूक नाही. लाल शाईचा तो कलंक पुसायला थोडीच फीत उरली होती.

मिरेया उठली. कपाटातून किटली काढली, पाणी भरलं आणि प्लग लावला.

दिवे मिणमिणले. पडदा निळा झाला आणि त्यावर चूक झाल्याची ओळ आली.

"अगं बाई, विसरलेच," मिरेया म्हणाली.

एर्सिल्याबाईंनी लेकीकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पावाची सुरी उचलली.

"कॅसेटच खराब आहे," अलीरो म्हणाला. त्यानं बॅगा दारातून उचलून आत ठेवल्या आणि मला मागं फिरवायला घेतलं.

वाचकहो, मी ठणठणीत आहे, एवढं तुम्हाला सांगून ठेवते. त्या घरात कुणाला सांगू नका.