जस्ताचे काटे

पहिला दांडा दारावर बसला, दुसरा पंचशीलाच्या डाव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

"लई पोरं फोडलीस आमच्या क्लासची," आत घुसलेल्या तिघांतला म्होरक्या मलप्पा म्हणाला. "आता शिकीव, कशी शिकिवतीस ते."

पंचशीला लातूरला केमिस्ट्री शिकवायची. मोठ्या क्लासची नोकरी सोडून तिनं स्वतःची शिकवणी काढली आणि निम्मा वर्ग तिच्यामागून आला. तेव्हापासून धमक्या सुरू होत्या. भूकंपात आई गमावून पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली ही बाई. ती धमक्यांना भीक घालत नव्हती. शिकवून उरलेला वेळ मागच्या खोलीतल्या बॅटऱ्यांचा. जस्त-मँगनीजची बॅटरी स्वस्त, पण पुन्हा पुन्हा चार्ज केली की जस्तावर सुईसारखे काटे उगवतात, मधला पडदा फाडतात आणि बॅटरी मरते. जस्तात चुना मिसळून, पडद्यावर नवा लेप देऊन तिनं ते काटे रोखले होते. टेबलावरच्या बॅटऱ्या वर्षभर टिकून होत्या.

मलप्पानं टेबलावर दांडा उगारला. ती आडवी गेली, तर दुसऱ्यानं तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. बॅटऱ्या फरशीवर फुटल्या. पुढचा दांडा बॅटरीत भरायच्या पोटॅशच्या द्रावणाच्या बरणीवर बसला आणि ते जळजळीत पाणी मलप्पाच्याच डोळ्यांत उडालं.

तो गुरासारखा ओरडला. सोबतचे दोघे पळाले.

दार उघडंच होतं. जळू दे, असं पंचशीलाला वाटलं, आणि त्या वाटण्यानं क्षणभर बरंही वाटलं. मग धड हातानं त्याची कॉलर धरून तिनं त्याला मोरीच्या नळाखाली ओढलं. डोळे चोळू नको, उघड, म्हणाली. त्यानं तिच्या पोटात कोपर हाणलं. तिनं त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि बोटांनी पापण्या फाकवून धरल्या.

"बाई, दिसंना मला," तो रडायला लागला.

"हलू नको. पाणी जाऊ दे आत."

शेजाऱ्यांनी बोलावलेला हवालदार आला तेव्हाही ती तशीच बसलेली होती. मारणारा हाच का, असं त्यानं विचारलं.

"हाव, हाच. पण आधी दवाखाना. अन् तवर नळ बंद करू नका."

मोरी तुंबली होती. पाणी खोलीभर पसरलं आणि फुटलेल्या बॅटऱ्यांतली काळी भुकटी घेऊन उंबऱ्याबाहेर वाहू लागलं.