माझ्या कमरेवरची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी पुंगळी आहे. पूर्ण नाही, अर्धीच. उरलेली अर्धी समुद्रापलीकडे असते. तिचं कसं चाललंय ते मला विचारू नका. इतक्या लांबून चौकशी करण्याइतका उत्साह आम्हा दोघींत आता राहिलेला नाही.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी अंग. दारू तिच्या पोटात भरतात आणि गोळी तिच्या तोंडात बसवतात. चाप ओढला की गोळी जाते, निशाणावर बसते आणि नाव कमावते. बंदुकीला मखमलीच्या पेटीत ठेवतात. नेम धरणाऱ्याला कप मिळतो. पुंगळी जमिनीवर पडते आणि टिण् असा आवाज करते. माझ्या जातीचा इतिहास एवढाच आहे, म्हणून तो मलाच सांगावा लागतो आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. मोठ्या गोळीसाठी मला घडवलं होतं. एकदा उडायचं आणि भंगारात जायचं, अशी साधी, सुखाची नोकरी होती. पण १९९४ साली आमचा डबा आखातातल्या रास अल खैमाच्या एका नेमबाजी क्लबात येऊन पडला आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली.

क्लब डोंगराच्या पायथ्याशी होता. पलीकडे सिमेंटचा कारखाना. तिथली धूळ इतक्या इमानाने आमच्याकडे यायची, की सभासदांत तिचं नाव घालायला हरकत नव्हती. क्लबचा मालक अबू हमद. पोलिसातून निवृत्त झालेला, पोटाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा गृहस्थ. सगळे त्याला अर्बाब म्हणायचे, म्हणजे धनी. वर्कशॉप सांभाळायचा कॅस्मिर, वसईचा फिटर. लेथवर त्याचा हात असा चालायचा की लोखंडही कुरकुर न करता कापलं जायचं.

त्या वर्षी अर्बाबच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. मोठ्या रायफलचा धक्का आता चालणार नव्हता. तो वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "कॅस्मिर, डॉक्टर बोलता बंदूक खलास. मैं बोला, डॉक्टर खलास."

"तो छोटा गोली का बनाते हैं, अर्बाब."

"दुकान में मिलता?"

"दुकान में नहीं मिलता. अपने को बनाना पडेगा."

मित्रांनो, जे काडतूस कुठलाच कारखाना बनवत नाही, हौशी लोक घरचं डोकं चालवून बनवतात, त्याला त्या धंद्यात वाइल्डकॅट म्हणतात. म्हणजे रानमांजर. मोठ्या काडतुसाची मान आवळायची आणि तीत बारीक गोळी बसवायची. धक्का कमी, वेग भरपूर. ऐकायला छान वाटतं. ज्याची मान आवळतात त्याला विचारा.

आधी रायफल तयार झाली. एका जुन्या रायफलचा सांगाडा कॅस्मिरने घेतला, त्याला बारीक भोकाची नवी नळी बसवली आणि माझ्यासाठी तिच्यात घर कोरलं. कोरणी थोडी फिरवायची, बाहेर काढायची, पुसायची, तेल लावायचं, मापायचं आणि पुन्हा थोडी फिरवायची. अर्बाब रोज चहाच्या वेळी डोकवायचा. "हो गया?" कॅस्मिर मान वर न करता म्हणायचा, "इन्शाल्ला." ह्या एका शब्दावर आखातातली अर्धी बांधकामं उभी आहेत, तेव्हा रायफलही उभी राहिली.

मग आमची पाळी आली. साच्यात घालून माझी मान बारीक केली. दारू तोलायच्या दिवशी एसी बंद करावा लागे, कारण तराजू इतका नाजूक की वाऱ्याच्या झुळकेनेही हलायचा. दिवस ऑगस्टचे. अर्बाब घामाने निथळत म्हणाला, "हबीबी, एसी!"

"एसी बाद में, अर्बाब. और सांस जरा उधर मुंह करके लो."

ह्या सबंध क्लबात अर्बाबला तोंड फिरवून श्वास घ्यायला सांगणारा एकच माणूस होता.

नव्या रायफलची पहिली गोळी माझ्या तोंडून गेली. ती लागली निशाणाच्या ऐन मध्यात. तो माझा पराक्रम नव्हता. मी फक्त तोंड उघडलं होतं. पण अर्बाबने मला जमिनीवरून उचललं, खिशातल्या चाकूने माझ्या बुडावर एक खूण केली आणि जाहीर केलं, "ये मेरा लकी. हर मॅच में पहला गोली इसी से."

मित्रांनो, आयुष्यात निंदेपासून सांभाळा, पण कौतुकापासून अधिक सांभाळा. निंदा झालेल्यांना घरी पाठवतात. कौतुक झालेल्यांना पुन्हा कामाला लावतात.

माझं तेच झालं. उडायचं, फुगायचं, पुन्हा साच्यात दबायचं, स्वच्छ व्हायचं, भरायचं, उडायचं. माझ्याबरोबरच्या बहिणी थोड्या फेऱ्यांनंतर भंगारात गेल्या. त्या तिकडे निवांत वितळल्या असतील. मी मात्र लकी. काम करून करून पितळ कडक होतं. माणसांत ह्याला अनुभव म्हणतात. कडक झालं की ते तडकतं. म्हणून कॅस्मिर मधूनमधून माझी मान ज्योतीवर धरायचा. थोडा ताप आला की मान पुन्हा मऊ व्हायची. पण बुडाकडच्या भागाला आच लावायची नसते, तो मऊ पडला तर पुंगळी धोक्याची होते. म्हणजे मानेला आराम, कमरेला नाही. घरातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

कॅस्मिरचंही कौतुक व्हायचं. पाहुण्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारून अर्बाब म्हणायचा, "कॅस्मिर नंबर वन!" नंबर वन माणसाला कायमचं घरी कोण जाऊ देणार? त्याचा पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात असायचा, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. कॅस्मिरने परत जायचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "मॅच के बाद." आणि कॅस्मिर फोनवर बायकोला ठरलेलं सांगायचा, "सुझी, अजून एक वर्ष."

शेवटी २००० सालच्या थंडीत सुझीच व्हिजिट व्हिसावर आली. पाहते तर नवऱ्याच्या खोलीत एक खाट, एक पंखा आणि खिडकीत वाळत घातलेला त्याचाच एक शर्ट. तिने कमरेला ओढणी बांधली आणि खोली घासायला घेतली.

त्याच आठवड्यात क्लबातलं पुंगळ्या चमकवायचं यंत्र बंद पडलं. त्या यंत्रात अक्रोडाच्या टरफलाच्या भुशात आम्हाला तासन्‌तास घुसळायचे. बाहेर निघालो की म्हातारीसुद्धा नवरीसारखी दिसायची. शुक्रवारी वर्षाची मोठी मॅच होती. कॅस्मिरने रिकाम्या पुंगळ्या पिशवीत घालून घरी आणल्या.

"हे काय आणलंस?" सुझी म्हणाली. "मी समजले मासळी आणलीस."

"घासायच्यात. मशीन मेली."

"पितळ ना? मग मशीन कशाला पाहिजे? दे इकडे."

वसईला नाताळाच्या आधी ती चर्चमधल्या अल्तारावरच्या पितळी समया जशा घासायची तशी तिने चिंच भिजवली, कोळ काढला आणि एकेकीला बोटांत धरून घासू लागली. मित्रांनो, यंत्र सगळ्यांना एकच चमक देतं. सुझीची बोटं प्रत्येकीला वेगळं विचारत होती. माझ्यापाशी येऊन ती थांबली. मला उजेडात धरून फिरवलं.

"कॅस्मिर, हिच्या कमरेला बघ काय आलंय."

"डाग असेल. घास जरा."

"डाग घासल्यावर जातो. हा घासल्यावर आला."

बुडाच्या जरा वर, कमरेभोवती, एक बारीक चकचकीत रेघ उमटली होती. मला ती आतून कधीची ठाऊक होती. पण मला विचारतो कोण? कॅस्मिरने टोक वाकवलेली एक तार माझ्या पोटात घातली आणि आतल्या भिंतीवरून हळूच ओढली. रेघेपाशी तार अडकली. त्याचा चेहरा उतरला. भिंत तिथे ताणून ताणून पातळ झाली होती.

"अशीच उडवली तर काय होईल?" सुझीने विचारलं.

"कमरेतून फाटेल. आतला जाळ मागे येईल."

"मागे कोण असतं?"

"अर्बाबचा डोळा."

"मग फेक की."

कॅस्मिरने मला फेकलं नाही. तो खाटेवर बसला. "ही त्याची लकी आहे, सुझी. हिच्यामुळे तो खुशीत नेम धरतो. जिंकला तर शनिवारी माझा पासपोर्ट देईल, मी शब्द घेतलाय. मग तुझ्याबरोबर कायमचा वसईला. फक्त हा शुक्रवार." त्याने मला तळहातावर फिरवलं. "अजून एकदा चालेल ही."

सुझीने चिंचेचं भांडं खाली ठेवलं. "अजून एकदा चालेल. हे तू मला दरवर्षी फोनवर सांगतोस. मी समजायचे, तू तुझ्याबद्दल बोलतोस."

बाकीच्या पुंगळ्या तिने एकटीनेच घासल्या.

सकाळी वर्कशॉपमध्ये अर्बाब स्वतःच आला. "मेरा लकी रेडी?"

"अर्बाब, ये खलास है. भरने का नहीं."

"क्या खलास? देखो, कैसा चमकता!"

वर्षानुवर्षं 'हां अर्बाब' म्हणणाऱ्या कॅस्मिरने त्यावर हां म्हटलं नाही. त्याने मला शिकंज्यात आवळलं, करवत घेतली आणि अर्बाबच्या डोळ्यांदेखत तोंडापासून बुडापर्यंत उभं कापलं. दुखलं का म्हणाल, तर खरं सांगते, इतकी वर्षं दबल्यावर मोकळं झाल्यासारखं वाटलं.

"पागल हुआ तुम?" अर्बाब ओरडला. बाहेरचा चहावाला कपांसकट परत फिरला.

"नाखून लगाओ, अर्बाब. इधर अंदर से."

अर्बाबने माझ्या आतून नख फिरवलं. कमरेपाशी नख खाचेत अडकलं. त्याने पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या डोळ्याकडे गेला.

"कब से ऐसा है?"

"मालूम नहीं. बाहर से तो चमकता था."

अर्बाबने माझ्या दोन्ही अर्ध्या लेथवर ठेवल्या. मग तो निघून गेला.

शुक्रवारी त्याने नव्या पुंगळीने पहिली गोळी झाडली. शेवटून दुसरा आला. त्याच्या मागे एकच जण होता, आणि त्याची रायफल अडकली होती. कॅस्मिरने त्या दिवशी बॅगेतले कपडे काढून परत खुंटीला लावले.

शनिवारी अर्बाब वर्कशॉपमध्ये आला. खिशातून पासपोर्ट काढून त्याने लेथवर ठेवला.

"लेकिन अर्बाब, आप जीता नहीं."

"आंख तो है ना." त्याने माझी एक अर्धी उचलली. "ये मेरे पास रहेगा. नया फिटर आएगा, उसको दिखाने का. दूसरा तुम लेके जाओ. यल्ला, निकलो, मेरा दिमाग बदलने के पहले."

अशी मी दोन देशांत वाटली गेले. तिकडे बरीच वर्षं काढलेल्यांना ह्यात काही नवल वाटणार नाही.

आता मी वसईला, स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. काम काही नाही. समोर केळी दिसतात. कॅस्मिर सुरुवातीला पहाटे पाचला दचकून उठायचा आणि कंपनीची व्हॅन आली का ते पाहायला दारापर्यंत जायचा. आता झोपतो. पण मधूनच चहा ढवळताना म्हणतो, "काय म्हणतेस सुझी, अजून एक वर्ष जाऊन यावं का?"

सुझी भांडत नाही. हात पुसते, खिडकीतून मला उचलते आणि त्याच्या बशीत ठेवते, खाच वर करून. तो नख फिरवतो. नख अडकतं. मग तो चहा पितो.

मित्रांनो, थकलेल्या पुंगळीचं एवढंच मागणं आहे. तुमच्यासाठी रोज राबणारं जे कुणी असेल, वस्तू असो की माणूस, त्याला वर्षातून एकदा तरी हातात घेऊन उजेडात फिरवून बघा. चमकतंय म्हणून धड आहे असं समजू नका. आणि नख कुठे अडकलं, तर कौतुक करू नका. त्याला घरी जाऊ द्या.