बिनगावाचं सगळं माझं

‘सगळं माझ्या नावावर टाक. एकूण एक. उगाच घोळ घालत बसू नको.’

रितेशचा हा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा भावना सापगावच्या घरी भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानेच तिने फोन उचलला, वाचला आणि एकटीच हसली. ते हसणं काही धड नव्हतं. आई समोर असती तर म्हणाली असती, अगो, अशी काय हसतेस, कुणाचं वाटोळं करायला निघालीस का? आणि लपवायचं कशाला, भावनाला एकाचं वाटोळंच करायचं होतं.

तिने उत्तर लिहिलं, ‘सगळं म्हणजे सगळं ना? नंतर बोलू नको.’

‘किती वेळा सांगू? एकूण एक.’ पुढे अंगठा.

बरं बाबा. तुझी इच्छा.

हे सगळं ‘फडताळ’वरून चाललं होतं. फडताळ म्हणजे वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, कोणी नेलंय, कधी परत यायचंय, सगळं त्यात. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, वापरावं, जमलं तर सुधारावं. शहापूरच्या बाजारपेठेतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार पोरांनी ते लिहिलं होतं. सापगावची भावना, खर्डीची कुणाली, वाशिंदचा प्रणित आणि मुरबाडचा रितेश. खोली दिली होती ग्रंथपाल कुंडलिकने, म्हणजे भावनाच्या बाबांनी. चहाही त्यांच्याच घरचा. पोरं पुस्तकांसाठी राबतात म्हटल्यावर त्या माणसाला कोण कौतुक! कमिटीने पंखा दिला नाही तर स्वतःच्या घरचा टेबलफॅन काढून आणला त्यांनी.

कॉम्प्युटर एकच, लॉगिन एकच, आणि पासवर्ड दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला. प्रोग्रॅममध्ये जो काही बदल करावा तो जुन्या सिस्टिममध्ये साठवायचा आणि सोबत एका ओळीची टीप लिहायची, काय केलं म्हणून. पण लॉगिन सगळ्यांचं एकच, मग कोणी काय केलं ते कळायचं कसं? कुणालीने तोड काढली. टिपेच्या शेवटी आपापल्या गावाचं नाव लिहायचं. ‘शोध दुरुस्त केला, खर्डी.’ ‘पावती छापता येते, वाशिंद.’ तसंही आमच्याकडे माणसाला हाक मारतात ती गावाच्या नावानेच.

रितेशने मात्र नाक मुरडलं होतं. मुरबाडच्या बाजारात बापाचं मोठं दुकान, पोरगा पहिल्यापासून तोऱ्यात. ‘मी गावबिव लिहिणार नाय हां,’ तो म्हणाला होता. ‘बिनगावाचं दिसेल ते सगळं माझं. समजून जायचं.’ सगळे हसले होते. बाबा तर सगळ्यात जास्त.

मग एक दिवस सकाळी बाबांनी वाचनालय उघडलं, कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर काहीतरी विचारलं, त्यांनी ‘होय’ वर दाबलं. रोजच दाबायचे. आणि वाचकांची यादी गेली. कोणाकडे कुठलं पुस्तक आहे ते गेलं. जुनी कार्डं कमिटीने कधीच रद्दीत घातलेली. दुपारी कमिटी बसली. अध्यक्ष गोजर गुरुजींनी विचारलं, काय झालं? रितेश म्हणाला, ‘काकांनी चुकीचं बटण दाबलं.’ बस्स, तेवढंच. आणि बाबांनी ते खरं मानलं. भावना ओरडली, भांडली, पण दाखवायला हातात काय होतं? गुरुजींनी वाचनालयाची किल्ली काढून घेतली. त्यानंतर महिनाभरात रितेशने तो कॉम्प्युटर उचलून मुरबाडला नेला, पासवर्ड बदलला, आणि फडताळचा सगळा कारभार त्याच्याकडे गेला.

तेव्हापासून बाबांनी बटण म्हणून दाबलं नाही. टीव्हीचा रिमोट नाही, मिक्सर नाही, मोबाइल वाजला तरी लांब धरून बसायचे. ‘तू दाब गो,’ म्हणायचे. ‘माझ्या हातून काय होईल त्याचा नेम नाय.’ घरातला दिवा लावायचा तरी कोपराने. कधी कधी ओटीवर बसून उजव्या हाताचं ते बोट नुसतं बघत राहायचे. भावनाने हे इतकी वर्षं बघितलं होतं. बघून बघून तिच्या पोटात जे साचलं होतं त्याला राग म्हणणं म्हणजे फारच सौम्य झालं.

दरम्यान फडताळ पार कुठल्या कुठे पोचलं. लांबलांबच्या जिल्ह्यांतली वाचनालयं ते वापरू लागली, आणि त्यांची मागणी आली की हे जुन्या सिस्टिमवरून उचला, गिटवर आणा. गिट म्हणजे नवी पद्धत. त्यात सगळा इतिहास, पहिल्या ओळीपासून, प्रत्येकाच्या मशीनवर अख्खा जातो. कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, कोणी लिहिली ते नावानिशी दिसतं. एकदा घरोघरी प्रती गेल्या की मागाहून कोणाला गुपचूप खोडाखोड करता येत नाही.

हे करायचं कोणी? रितेश आता पुण्याच्या मोठ्या कंपनीत. त्याने तो जुना कॉम्प्युटर धुळीसकट टेम्पोत घालून सापगावला पाठवून दिला. ‘हमालीचं काम आहे, तूच कर. मला टाइम नाय.’ पासवर्डही फोनवर सांगून टाकला. एवढा बिनधास्त! जुन्या टिपा कोण वाचत बसतंय, असं वाटलं असेल त्याला.

भावनाने वाचल्या. कल्याणच्या एका कंपनीसाठी दिवसभर ती हेच काम घरून करत होती, तिला का जड? वाचता वाचता तो दिवस आला. आदल्या संध्याकाळची टीप: ‘जुने वाचक पुसणे, चाचणी. नंतर काढायचे.’ गाव नाही. म्हणजे यादी पुसायची आज्ञा रितेशने तपासून बघायला घातली, आणि काढायला विसरला. बाबांनी नेहमीचंच बटण दाबलं होतं. कोणीही दाबलं असतं तरी यादी गेलीच असती.

चूक म्हणून तिने कदाचित सोडलंही असतं. पण खाली आणखी एक टीप होती. दुसऱ्या दिवशीची, कमिटी बसली होती त्याच दुपारची. ‘साफसफाई.’ गाव नाही. आत उघडून बघितलं तर ती पुसायची आज्ञा हळूच काढून टाकलेली. म्हणजे त्याला ठाऊक होतं! बाहेर बाबा कमिटीसमोर हात जोडून रडत होते, आणि हा आत बसून पुरावा झाडत होता.

भावना उठली ती थेट पुण्याची गाडी पकडायला. दारापर्यंत गेली. मग थांबली. आत्ता जाऊन काय, चार शिव्या देऊन यायचं? तो म्हणेल माझं नाही, लॉगिन सगळ्यांचंच होतं. झालं. नाही, याला याच्याच तोंडाने सांगायला लावायचं, आणि तेही चारचौघांत. ती परत येऊन खुर्चीत बसली.

नव्या सिस्टिममध्ये नेताना एक गोष्ट विचारली जाते: या जुन्या लॉगिनच्या जागी खऱ्या माणसाचं नाव काय घालू? लॉगिन एक, माणसं चार. तिने साळसूदपणे ग्रुपवर विचारलं. आणि रितेशचं ते उत्तर आलं. एकूण एक.

तिने त्याचं ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव घातलं, त्याच्या बापाच्या नावासकट. आणि मग दुसरी एक प्रत केली, ती कोणाला न सांगता.

सोहळा मुरबाडच्या एका हॉलमध्ये होता. शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांतल्या वाचनालयांची माणसं आलेली. फडताळचा जनक म्हणून रितेशला शाल-श्रीफळ, आणि मग स्टेजवर बटण दाबून नवं फडताळ सगळीकडे पाठवायचं, असा बेत. बाबा यायला तयार नव्हते. ‘मी तिथं येऊन काय करू गो?’ पण कुणाली रिक्षा घेऊन दारात उभी राहिली, आणि कुणालीला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ते मागच्या रांगेत, दाराजवळ बसले.

रितेशचं भाषण झालं. छान बोलला, बोलायला तो पहिल्यापासून पटाईत. मग पडद्यावर भावनाच्या लॅपटॉपवरची बदलांची यादी लागली. ‘बघा,’ तो म्हणाला, ‘पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कोणी केलं हे सगळं? नाव वाचा.’ टाळ्या पडल्या. त्याच्या बापाने तर उभं राहून वाजवल्या. खर्डीचं, वाशिंदचं, सापगावचं काम याच्या घशात गेलेलं भावना बघत होती. टाळ्या पुऱ्या होऊ दिल्या तिने.

‘गोजर गुरुजी,’ मग ती म्हणाली, ‘आपल्या वाचनालयाची वाचकयादी गेली ना, तो दिवस काढून दाखवू का?’

‘काढ की,’ पहिल्या रांगेतून गुरुजी म्हणाले.

तिने काढला. गुरुजींनी चष्मा वर सरकवला आणि वर्गात धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं. ‘जुने वाचक पुसणे, चाचणी. नंतर काढायचे.’ आणि खालचं नाव. बापाच्या नावासकट.

‘याचा अर्थ काय?’

‘यादी बाबांनी घालवली नव्हती गुरुजी. घालवायची सोय आदल्या दिवशी करून ठेवलेली होती. आणि ही दुसऱ्या दिवशीची बघा. तुमची कमिटी बसली होती त्या वेळची. साफसफाई. ही पण त्याचीच.’

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. रितेशच्या खांद्यावरची शाल घसरली, त्याने ती सावरलीही नाही. ‘अहो, असं कसं?’ तो जवळजवळ ओरडला. ‘ते लॉगिन सगळेच वापरायचे! माझं एकट्याचं कुठं होतं? अर्धं काम यांनीच केलंय!’

आली का गाडी रुळावर! भावनाने माइक उचलून त्याच्या तोंडापुढे धरला. ‘परत बोल. मागं ऐकू नाय गेलं.’

त्याने माइक हाताने बाजूला सारला.

‘मग अर्धं यांचं तर यांच्या नावावर घालू या की,’ ती म्हणाली, आणि तिने दुसरी प्रत पडद्यावर लावली. जिथे खर्डी होतं तिथे कुणाली. वाशिंद तिथे प्रणित. सापगाव तिथे ती स्वतः. ओळीमागून ओळी, पानामागून पानं, आणि रितेशचं नाव मधूनच कुठेतरी, भातातल्या खड्यासारखं.

‘आणि बिनगावाचं?’ मागून प्रणित ओरडला. ‘बिनगावाचं सगळं कोणाचं रे रितेश? तूच बोलला होतास ना?’

कुणाली उभी राहिली. ‘आमच्या समोर बोलला होता. काकांच्या समोर.’

ते दोन बदल या प्रतीतही त्याच्याच नावावर होते. त्यातून सुटायला जागा नव्हती, आणि ती भावनाने मुद्दामच ठेवली नव्हती.

गोजर गुरुजी उठले. म्हातारा माणूस, सगळ्या हॉलसमोर मागच्या रांगेपर्यंत चालत गेला. ‘कुंडलिक,’ ते म्हणाले, ‘चूक झाली माझी. पुढं चल. बटण तू दाबायचं.’

‘नको गुरुजी. माझ्या हातून...’

‘तुमच्याच हातून, बाबा,’ भावना स्टेजवरून म्हणाली.

बाबा आले. कुणालीने हात धरून आणलं तेव्हा आले. लॅपटॉपसमोर उभे राहिले, बोट मुठीत लपवून. रितेश त्यांच्याजवळ सरकला. आता आवाजात तोरा नव्हता.

‘काका, तिला सांगा ना. बाकी सगळं घ्या, माझं काय म्हणणं नाय. तेवढ्या दोन ओळींवरचं नाव काढा. माझ्या कंपनीतले लोकपण बघतात हे. एकदा गेलं की कायमचं राहतं, काका.’

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. कुणावर आवाज न चढवणारा माणूस. बाबा आता माफ करून टाकणार, भावनाला वाटलं. असेच आहेत ते, तिने मनात म्हटलं, आता म्हणतील जाऊ दे गो पोर आहे, आणि माझ्या सगळ्या केल्या कामावर पाणी फिरणार.

‘त्या दिवशी मी रडत व्हतो,’ बाबा म्हणाले. ‘तू मला पानी आणून दिलंस. आठवतं?’

‘आठवतं, काका.’

‘पाठीवर हात फिरवलास. बोललास, होतं असं काका, वय झालं तुमचं.’

रितेश एक पाऊल मागे सरला.

‘आनि मग आत गेलास.’

बाबांनी मूठ उघडली. ‘कंचं बटण गो?’

‘हे, बाबा. हे मोठं.’

त्यांनी बोट सरळ केलं, एकदा नीट बघून घेतलं आणि दाबलं. पडद्यावर ओळी भराभर वर सरकू लागल्या, आणि कुठल्या कुठल्या गावांकडे नावानिशी निघून गेल्या.

‘गेलं का?’

‘गेलं, बाबा.’

तरी बाबांनी रितेशकडे बघत ते बटण आणखी एकदा दाबलं.