सौंसरच्या बाजारातला सुका झिंगा

मी एक सुका झिंगा. माझ्यासारखे पन्नास तुमच्या एका मुठीत मावतात, म्हणून माझं ऐकायला कुणी थांबत नाही.

गोदावरी समुद्राला मिळते, तिथल्या खाडीत मी जन्मलो. उन्हाळ्यात तिथलं पाणी निवळ असतं. पावसाळ्यात मात्र नदी वरच्या मुलखातली माती घेऊन येते. त्या गाळावरच आम्ही गुबगुबीत झालो. गाळाला कुबट, औषधी वास होता. “पूर्वी नव्हता हा,” म्हातारे खेकडे कुरकुरत. आम्ही खात राहिलो. दुसरं होतं काय?

पाऊस सरला आणि जाळं पडलं. वाळूवर वाळलो, पोत्यात कोंबला गेलो, आगगाडीने नागपूरला आणि तिथून मोटारीने सौंसरला आलो.

“पावसाळ्यातला हाय ना? उन्हाळ्यातला नुसती काडी असते,” शकुबाईंनी बाजारात विचारून घेतलं. त्यांची सून अनुराधा नुकतीच बाळंत झाली होती. तिला दूध पुरत नव्हतं. झिंग्याने दूध उतरतं, अशी शकुबाईंची खात्री.

घरात शिरताच मी दचकलो. तोच वास! त्यांचा मुलगा गजानन कपाशीवर कीड मारायची पांढरी पावडर टाकून आला होता. त्याच्या धोतराला, हातांना, कोपऱ्यातल्या डब्याला माझ्या गाळाचा वास होता.

ओसरीवर त्याची बहीण रजनी भूगोल पाठ करत होती. “आपल्या जाम नदीचं पाणी कन्हानात, कन्हानचं वैनगंगेत, पुढे गोदावरीत, मग समुद्रात.”

“पाहा बाप्पा!” गजानन हसला. “राज्यं नव्यानं वाटली, नागपूर गेलं मुंबई राज्यात, आपण राहिलो मध्य प्रदेशात. पाण्याले मात्र कोणी अडवून नाही राहिलं.”

माझा गाळ कुणाच्या शेतातून आला, ते मला तेव्हा कळलं. ओरडून सांगावंसं वाटलं. पण वाळलेल्याला कुठला आवाज?

मी तव्यावर पडताच अनुराधाने नाक मुरडलं. “आत्याबाई, याले पावडरीचा वास येऊन राहिला.”

“तुह्या नवऱ्याच्या धोतराचा असन तो! खाय मुकाट्यानं. लेकराले उपाशी ठेवतं काय?”

तिने खाल्लं आणि बाळाला पदराखाली घेतलं.

बाहेर आभाळ गडगडलं. “घ्या! सकाळची पावडर सारी धुऊन जाईन,” गजानन वैतागला. “उद्या पुन्हा मारा लागते.”

मी ताटाच्या कडेला उरलोय, म्हणून एवढं बोललो. मार बाबा, मार. खाडीत माझी पिलावळ आ वासून बसली आहे. पुढच्या पावसानंतर तीही या बाजारात येईल, आणि शकुबाई पुन्हा गुबगुबीतच निवडून घेतील. तोवर बाळाला दात आलेले असतील.