ऋषभचं निरोपाचं जेवण

हंबीररावांच्या फौंड्रीत राजीनामा दिलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी जेवायला घालायची पद्धत होती. मालक स्वतः वाढायचे, गळ्यात हात टाकायचे आणि माणूस हात धुवेपर्यंत राजीनामा मागं घ्यायचा. अनुजाला त्यात आपुलकी दिसायची. एचआरला होती ती. माणसं टिकवणं हे तिचंच काम. म्हणून ऋषभ नको म्हणत होता तेव्हा तिनंच गळ घातली, "अरे, तुझ्यासाठी कांदा-लसणाशिवायचं वेगळं करायला लावलंय. येऊन जा की."

ऋषभ आला. लोखंडाचा रस साच्यात कुठनं सोडला की माल तडकत नाही, हे त्याच्याइतकं तिथं कुणालाच कळत नव्हतं. जयसिंगपूरच्या एका कारखान्यानं त्याला जास्त पगारावर उचललं होतं.

शनिवार, पाळणाघर बंद. तीन वर्षांची सई अनुजाच्या कडेवर. कँटीनमध्ये पाऊल टाकलं आणि मागं शटर खाली आलं. आत फक्त मालक आणि त्यांचा पुतण्या अमरसिंह होता.

"चाललास व्हय?" हंबीररावांनी ऋषभच्या ताटात शिरा वाढला. "तुझं डोकं माझ्या भट्टीवर तयार झालं. ते दुसऱ्याच्या दारात न्हेऊन ठेवतोस?"

"मालक, पोरांना सगळं शिकवून चाललोय की."

"पोरांना काय घंटा कळतंय! अमर, समजाव पावण्याला."

अमरसिंहनं ऋषभचं डावं मनगट टेबलावर दाबलं आणि बिडाचा ठोकळा बोटांवर हाणला. ताट उडालं. ऋषभ गुरासारखा ओरडला. बोटं भलत्याच दिशेला वळली होती.

सईनं आईच्या मानेत नखं रुतवली. हंबीररावांनी तिच्या केसांवरनं हात फिरवला.

"रडू नगं बाळ, मामा पडला." मग अनुजाला, "मशीनवर लागलं म्हणून लिवायचं. पोरगी गोड हाय तुझी. जपत जा."

अमरसिंह हसला. "काका, उजवा ऱ्हायलाय."

ठोकळा पुन्हा वर गेला. अनुजाच्या हाताशी वाढायची बादली होती, नुकताच भरलेला कडकडीत तांबडा रस्सा. तिनं तशीच उचलून त्याच्या तोंडावर फेकली. अमरसिंह डोळे धरून फरशीवर लोळायला लागला. हंबीररावांनी तिची वेणी ओढली. ऋषभनं स्टूल उचलून त्यांच्या गुडघ्यात घातलं. वेणी सुटली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं तिघं बाहेर पडले.

अनुजानं ऋषभला स्कूटरवर मागं बसवलं; सई पुढं उभी राहून सारखी रडत होती. घाबरलीय, असंच अनुजाला वाटलं.

दवाखान्यात दिव्याखाली तिनं पाहिलं. सईच्या पावलावर लालभडक फोड, लिंबाएवढा.

"काय सांडलं हिच्या पायावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अनुजा सईचा पाय मांडीवर घेऊन खाली बसली.

"सांडलं नाही. मी फेकलं," ती म्हणाली. "आणि ह्याची बोटं माझ्या मालकानं मोडायला लावली. जेवायला मीच बोलावलंवतं. सगळं लिहा, आणि पोलिसांना फोन करा. मी इथंच आहे."