माईकवरची आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावच्या बायका नदीवर जाऊन पलीकडच्या गावच्या बायकांना शिव्या देतात. पिढ्यानपिढ्या देतात. मधे बोरी नदीची कोरडी वाळू, ह्या काठावर आम्ही, त्या काठावर त्या. नियम दोनच. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही, आणि आखाजीच्या शिवीचा राग धरायचा नाही.

माझी सख्खी धाकटी बहीण झुंबर त्या काठच्या गावात दिलेली. चार वर्षं आमचं जाणं-येणं बंद. का, तर माझ्या दिराच्या लग्नात तिच्या नवऱ्याला, चिंधाभाऊंना, मानाची टोपी घालायची राहिली! भाऊ पंगतीतून ताडकन उठून गेले. आमचे हे, तोताराम, तेही कमी नाहीत. "गेला तर जाऊ दे" म्हणून बसले. आता दोन पुरुषांच्या डोक्यांपायी दोन बहिणींनी तोंडं शिवून घ्यायची? हट्! आम्ही आखाजीला शिव्यांतूनच सगळं बोलून घ्यायचो. "मना गोऱ्हाले नजर लावू नको, भवाने!" असं ती ओरडली, की मी समजायची, गाय व्याली.

अठ्ठ्याऐंशी साल असेल. झुंबरच्या कमलचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. मी एकुलती एक मावशी. मला हळदीला बोलावणार की नाही? ते फक्त झुंबर सांगणार, आणि तेही आखाजीलाच. मी दिवस मोजत होते.

तेवढ्यात जळगावहून एक साहेब जीप घेऊन आले. म्हणे, लोककला महोत्सव. दोन्ही गावांच्या बायका एकाच स्टेजवर, वाळूत शामियाना, समोर खुर्च्यांवर पुरुष मंडळी. आणि शिव्या बंद!

"अक्का, फक्त गौराईची गाणी म्हणायची. सभ्य गाणी."

असा संताप आला म्हणून सांगू! ह्यांच्या सभ्यपणात माझ्या भाचीची हळद बुडत चालली होती.

आखाजीला स्टेजवर उभ्या राहिलो. झुंबर माझ्यापासून चार हातांवर, खाली मान घालून गात होती. समोर पहिल्या रांगेत आम्हा दोघींचे नवरे, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, तोंडं फिरवून. दोन गाणी झाली. तिसरं शेवटचं होतं. मी सरळ माईक धरला.

"काय वं झुंबरी! पोरनं लगीन करी राहिनी न् मावशीपासून लपाडी राहिनी? तुना मांडवमा वांदरं नाचोत!"

साहेबांचा पेन वाळूत पडला. झुंबरनं वर पाहिलं, पदर खोचला आणि माईक माझ्या हातातून ओढला.

"तूच मेली चार साल तोंड लपाडीसन बठनी! शुक्रवारले हयद शे. नही उनी तं तुन्या झिंज्या धरीसन लई येसू! न् तुना त्या टोपीचोर नवराले बी लई ये!"

भोंगा निंबाच्या शेंड्यावर बांधलेला. माझं हळदीचं बोलावणं दोन्ही गावांनी ऐकलं. आमचे हे तरातरा उठले, तिकडून चिंधाभाऊही उठले. तेवढ्यात म्हातारी शेवंताबाई स्टेजवरून कडाडली, "बठा खाले दोन्ही! आखाजीनी शिवीना राग नही धरतस!"

दोघेही बसले. बायका पोट धरून हसत होत्या. साहेब धावत आले, "अक्का, हे कार्यक्रमात नव्हतं!"

"साहेब, हाच कार्यक्रम शे," मी म्हटलं.

पहिलं बक्षीस शाळेच्या मुलींच्या स्वागतगीताला दिलं त्यांनी. देऊ देत.

गुरुवारी हे न सांगता बाजाराला गेले, संध्याकाळी आले आणि एक पुडकं खाटेवर टाकलं. सोडून पाहिलं, तर कोरी पांढरी टोपी.

"ही तुमच्या डोक्याला लहान होईल," मी म्हटलं.

हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मनासाठे कोठे शे ती? चिंधानं डोकं इतलंच शे. चार सालमा वाढनं व्हई तं माले म्हाईत नही."